अर्ज एकाचा, वाट दोघांची: जागतिक बॅडमिंटन महासंघाला खुलं पत्र

प्रति,
जागतिक बॅडमिंटन महासंघ,
क्वालालंपूर

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २००५. कॅलिफोर्नियातलं अनाहाइम शहर. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष दुहेरीची अंतिम लढत चालू आहे. जाळीच्या एका बाजूला इंडोनेशियाचे चंद्रा विजया आणि सिगित बुदियार्तो, १९९७ चे विश्वविजेते. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे टोनी गुनावान आणि हॉवर्ड बाक. यातला गुनावान जन्माने इंडोनेशियातल्या सुराबायाचा, बाक व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहराचा. म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेला बॅडमिंटनमधलं पहिलंवहिलं विश्वविजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या सामन्यात कोर्टवरच्या चौघांपैकी एकही अमेरिकेत जन्मलेला नव्हता. तिघं तर एकाच देशातले. आणि समोर उभा असलेला चंद्रा विजया कोण? पाच वर्षांपूर्वी, सिडनीत, गुनावानच्या शेजारी उभा राहून ज्याने ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलं होतं तोच.

त्या सामन्याचं चित्रण मी किती वेळा पाहिलं असेल याची मोजदाद नाही. तेव्हा पंधरा गुणांचा जुना हिशेब होता. सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा, आणि पहिल्याची सर्व्हिस गेली तरी जोडीदाराच्या हातात दुसरी असायची. (पुढच्याच वर्षी तुम्ही २१ गुणांची पद्धत आणलीत आणि ती दुसरी सर्व्हिस इतिहासजमा झाली. सामने आटोपशीर झाले, पण जोडीदाराची चूक सावरून घेण्याची ती हक्काची संधी गेली, याची चुटपुट मला अजून आहे.) तिसऱ्या गेमपर्यंत चाललेल्या त्या सामन्यात फूल (शटल) दोघांच्या मधोमध आलं की कोण घेणार, हा प्रश्न गुनावान आणि बाकला पडतच नाही. दोघांपैकी एक जण काही न बोलता बाजूला होतो. मी स्वतः साधी क्लबात खेळणारी बाई आहे, पण आयुष्यभर दुहेरीच खेळले, म्हणून ते बाजूला होणं मला स्मॅशपेक्षा जास्त दिसतं.

हे पत्र त्या बाजूला होण्याबद्दल आहे. देश बदलणाऱ्या दुहेरीच्या खेळाडूबद्दल, आणि त्याच्याबरोबर नाइलाजाने वाट पाहत बसणाऱ्या त्याच्या जोडीदाराबद्दल. तुमच्या नियमांना पहिला दिसतो. दुसरा दिसत नाही.

आधी तुमच्याबद्दल दोन शब्द, रागावू नका. १९३४ मध्ये नऊ देशांनी मिळून तुमची स्थापना केली. कितीतरी वर्षं तुमचं बिऱ्हाड इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होतं. २००५ मध्ये, म्हणजे अनाहाइमच्याच वर्षी, तुम्ही ते उचलून क्वालालंपूरला नेलंत. वर्षभरात नावही बदललंत. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ होता, तो जागतिक बॅडमिंटन महासंघ झाला. पत्ता बदलला, नाव बदललं, तरी देश बदलणाऱ्या खेळाडूसारखं तीन वर्षं खेळाबाहेर बसून राहा असं कुणी तुम्हाला सांगितलं नाही. आणि खेळाचं म्हणाल, तर पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी तो खेळत तेव्हा त्याला ‘पूना’ म्हणत. एका इंग्रज सरदाराच्या वाड्याचं नाव घेऊन तो पुढे जगभर गेला. स्थलांतराचं तुम्हाला वावडं असायचं काही कारण नाही.

आता गुनावान. त्याची कारकीर्द मी मुद्दाम जोडीदारांच्या नावाने सांगते, कारण दुहेरीत ती तशीच सांगावी लागते. चंद्रा विजयाबरोबर १९९९ ची ऑल इंग्लंड स्पर्धा आणि २००० चं सिडनी. हलीम हरयांतोबरोबर २००१ ची ऑल इंग्लंड आणि त्याच वर्षी सेव्हियाला विश्वविजेतेपद. मग तो अमेरिकेत गेला. ऑरेंज काउंटीतल्या क्लबात मुलांना शिकवू लागला, आणि हॉवर्ड बाकबरोबर २००५ ला पुन्हा विश्वविजेता झाला. एक ऑलिंपिक सुवर्ण, दोन विश्वविजेतेपदं, आणि तिन्ही वेळा शेजारी वेगळा माणूस. एकेरीत असा विचारच करता येत नाही. दुहेरीतही असं क्वचितच घडतं, कारण बहुतेक मोठे खेळाडू एका जोडीदाराबरोबर मोठे होतात आणि ती जोडी फुटली की निम्मे उरतात.

हे का अवघड आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील. दुहेरीचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. एकेरीपेक्षा रुंदी एक मीटरही वाढत नाही, पण माणसं दुप्पट होतात. एक मागे जाऊन मारतो, दुसरा जाळीजवळ परतीचं फूल टिपायला उभा राहतो. फूल उंच उचलून परतवावं लागलं की दोघं तत्क्षणी शेजारी-शेजारी होतात, आणि पुन्हा मारायची संधी आली की पुढे-मागे होतात. हे फिरणं हिशेब करून होत नाही. जोडीदार तिरपा मारणार की सरळ, दमला आहे की नाही, मागच्या दोन चुकांनी बिथरला आहे का, हे त्याच्या पाठीवरून ओळखावं लागतं. माझी जुनी जोडीदारीण लग्नानंतर परदेशी गेली. नवीबरोबर पहिले तीन महिने आमच्या रॅकेटी एकमेकींवर आपटत होत्या. मधलं फूल एक तर दोघी घेत होतो, नाही तर दोघी सोडत होतो. ‘तुझं’ आणि ‘माझं’ एवढे दोनच शब्द, पण ते योग्य वेळी तोंडातून निघायला आम्हाला वर्ष लागलं. आणि आम्ही जिल्हा पातळीच्याही वर गेलो नव्हतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आंध्रातल्या अमलापुरमचा, चिराग शेट्टी मुंबईचा. दोघंही मागून जोरात मारणारे. मलेशियाहून आलेले प्रशिक्षक टान किम हर यांनी त्यांची मोट बांधली तेव्हा दोघांपैकी एकाला तरी जाळीजवळ राहायला शिकावं लागणार होतं. त्यासाठी वेळ लागला, आणि तो त्यांना मिळाला, कारण दोघांचा पासपोर्ट एकच होता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण त्यानंतरचं.

गुनावान आणि बाकला तो वेळ कसा मिळाला, किंवा मिळाला नाही, ते आता सांगते.

अमेरिकेचं नागरिकत्व नसतानाही गुनावानला जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळता आलं. ऑलिंपिकमध्ये मात्र पासपोर्ट लागतो. तो त्याला २०११ मध्ये मिळाला. म्हणजे २००४ चं अथेन्स गेलं आणि २००८ चं बीजिंगही गेलं. बीजिंगच्या वेळी तो तेहतीस वर्षांचा होता. त्याला लंडन मिळालं, २०१२ ला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. तिथे ही जोडी गटातूनच बाहेर पडली. सात वर्षांपूर्वीचे विश्वविजेते ऑलिंपिकमध्ये एकत्र उतरले ते असे, शेवटच्या गाडीला लटकून.

गुनावानबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. त्याच्याकडे सिडनीचं सुवर्ण तरी आहे. मी बाककडे पाहते. तो लहानपणीच अमेरिकेत आला, तिथेच वाढला. त्याच्या कागदपत्रांचा काही प्रश्नच नव्हता. तो तीन ऑलिंपिक खेळला आणि तिन्ही वेळा जोडीदार निराळा. अथेन्सला केविन हान, जन्म शांघायचा. बीजिंगला बॉब मलायथाँग, जन्म लाओसचा. लंडनला गुनावान. ज्याच्याबरोबर तो जगज्जेता झाला तो माणूस त्याला शेवटच्या खेपेला लाभला. मधल्या सात वर्षांत बाकचं वय थांबलं नव्हतं. अर्ज गुनावानचा होता, सही गुनावानची होती, रांगेत उभा होता गुनावान; पण गेली ती वर्षं दोघांची.

कुणी म्हणेल, नागरिकत्व देणं हे सरकारचं काम, महासंघाचा त्यात काय दोष? बरोबर आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची फाइल तुम्ही पुढे सरकवू शकत नव्हता, आणि तो आरोप मी करतही नाही. माझं गाऱ्हाणं पुढच्या पायरीवरचं आहे. ऑलिंपिक सनदेचा नियम ४१ आणि त्याचे उपनियम काढून बघा. खेळाडूने एका देशाकडून खेळून मग नागरिकत्व बदललं, तर आधीच्या देशाकडून शेवटचं खेळल्यापासून किमान तीन वर्षं जायला हवीत. ही मुदत कमी करता येते, अगदी रद्दही करता येते. त्यासाठी संबंधित राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या आणि संबंधित आंतरराष्ट्रीय महासंघ यांची संमती लागते आणि शिक्कामोर्तब आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं कार्यकारी मंडळ करतं. ‘संबंधित आंतरराष्ट्रीय महासंघ’ म्हणजे आमच्या खेळात तुम्हीच. तुमच्या होकाराशिवाय तो कागद पुढे जात नाही.

त्या नियमात सगळीकडे ‘खेळाडू’ हा शब्द एकवचनी आहे. धावपटूसाठी ठीक आहे, जलतरणपटूसाठी ठीक आहे. दुहेरीची जोडी मात्र त्या नियमाच्या नजरेत अस्तित्वातच नाही. गंमत म्हणजे बाकी सगळीकडे तुम्ही तिला एकच मानता. जागतिक क्रमवारीत जोडीला क्रमांक असतो, मानांकन जोडीला मिळतं, ऑलिंपिकची पात्रता जोडीच्या गुणांवर ठरते. मग देश बदलण्याचा प्रश्न आला की तुम्ही अचानक ती जोडी सोडवून माणसं वेगळी का करता? अर्जदाराचं म्हणणं ऐकलं जातं, जुन्या देशाचं ऐकलं जातं, नव्या देशाचं ऐकलं जातं. जो माणूस रोज सकाळी त्याच्या शेजारी उभा राहून सराव करतो त्याला कुणी विचारत नाही.

इथे मला माझ्याच विरुद्ध एक गोष्ट मांडली पाहिजे, नाहीतर हे पत्र लबाडीचं होईल. समजा गुनावानला २००८ च्या आधी पासपोर्ट मिळाला असता. मग बीजिंगला बाकबरोबर कोण गेलं असतं? अर्थात गुनावान. आणि मलायथाँग? तो घरी राहिला असता. प्रत्यक्षात बाक आणि मलायथाँग बीजिंगला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. अमेरिकेच्या दुहेरीसाठी ती साधी गोष्ट नव्हती. मलायथाँगही स्थलांतरितच, फक्त लवकर आलेला. म्हणजे एका स्थलांतरिताला दार लवकर उघडलं असतं तर दुसऱ्या स्थलांतरितासमोर ते बंद झालं असतं. या प्रश्नावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मी बराच विचार केला, आणि दर वेळी मला मलायथाँगचाही हेवा वाटला आणि बाकचीही कीव आली. एवढं मात्र पटलं की हा तोल कुणीतरी डोळे उघडे ठेवून साधायला हवा. तारखांच्या अपघाताने तो साधला जाऊ नये.

दुसरा आक्षेप मोठा आहे, आणि तो तुमच्याही मनात असणार. दार सैल केलं तर श्रीमंत देश खेळाडू विकत घेतील. ही भीती खोटी नाही. अॅथलेटिक्सच्या महासंघाला २०१७ मध्ये देशबदलाच्या अर्जांवर सरसकट बंदी घालावी लागली आणि नंतर नवे नियम करावे लागले, ते उगाच नाही. आमच्या खेळातही सिंगापूरने परदेशी खेळाडूंना आणून नागरिक केलं. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरच्या ज्या जोडीने पुरुष दुहेरीचं रौप्य घेतलं, त्यातला डॅनी बावा ख्रिसनांता इंडोनेशियात जन्मला आणि चायुत त्रियाचार्त थायलंडमध्ये. दोन देशांतले दोघे, तिसऱ्याच झेंड्याखाली. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मी मात्र त्या जोडीकडे वेगळ्या नजरेने पाहते. सरकार माणूस आणू शकतं, त्याला घर देऊ शकतं, पासपोर्ट देऊ शकतं. मधलं फूल कुणी सोडायचं ते सरकारला शिकवता येत नाही. ख्रिसनांता आणि त्रियाचार्त यांना ते एकमेकांकडूनच शिकावं लागलं, बहुधा दोघांचीही मातृभाषा नसलेल्या भाषेत.

नादिएझ्दा झिएम्बाचं घ्या. जन्म बेलारूसमधला, खेळली पोलंडकडून. रॉबर्ट माटेउशियाकबरोबर तिची मिश्र दुहेरीची जोडी जमली. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिंपिकमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीत होते आणि २०१२ ला युरोपचे विजेते झाले. बॅडमिंटनमध्ये पोलंडचं नाव कोण घेत होतं एरवी? सेत्याना मापासा इंडोनेशियातून ऑस्ट्रेलियात गेली आणि ग्रोन्या सोमरव्हिलबरोबर २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य घेऊन आली, पुढे दोघी टोकियो ऑलिंपिकही खेळल्या. या दोन्ही ठिकाणी येणारीबरोबर तिथलंही कुणीतरी वर आलं. माटेउशियाक काय, सोमरव्हिल काय, ज्यांच्या घरी पाहुणी आली त्यांचंही भाग्य उजळलं. दुहेरीत स्थलांतरित खेळाडू एकटा जिंकूच शकत नाही. तो ज्या देशात जातो तिथल्या एका माणसाला बरोबर घेऊनच वर चढतो, आणि हा फरक तुमच्या नियमांच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

आता ज्या गोष्टीने मी हे पत्र लिहायला बसले तिकडे येते. निर्वासितांचा ऑलिंपिक संघ २०१६ मध्ये रिओला पहिल्यांदा उतरला. टोकियोत त्या संघातून बॅडमिंटन खेळला अराम महमूद, सीरियाचा. पॅरिसला दोर्सा यावारिवफा, इराणची. दोघंही एकेरीत. तीन ऑलिंपिक झाली, त्या संघातून दुहेरीची एकही जोडी आली नाही. कारण शोधायला लांब जायला नको. युद्धातून किंवा छळातून पळून एखाद्या अनोळखी देशात पोचलेल्या दुहेरीच्या खेळाडूला ऑलिंपिकला जायचं असेल, तर त्याला त्याच्याच दर्जाचा, त्याच्याच वयोगटातला, शक्यतो त्याच शहरात राहणारा दुसरा निर्वासित दुहेरीपटू सापडायला हवा. असा योग जुळून यायची वाट पाहायची म्हणजे आभाळाकडे तोंड करून बसायचं. एकेरीचा निर्वासित निदान भिंतीवर फूल मारत राहू शकतो. दुहेरीच्या निर्वासिताचा जोडीदार मागे राहिलेला असतो, कधी छावणीत, कधी त्याच देशात ज्यातून हा पळाला, आणि कधी, सांगवत नाही, कुठेच नाही. नव्या देशात त्याला कुणी तिथला जोडीदार मिळाला, दोघांचं जमलं, जागतिक दौऱ्यावरच्या स्पर्धा जिंकायला लागले, तरी ऑलिंपिकच्या दारात त्यांना वेगळं केलं जाणार. कारण तिथे दोघांनाही एकाच राष्ट्रीय समितीचं असावं लागतं.

आणि हे अशक्य आहे असं म्हणू नका. तुमच्याच दौऱ्यावर वेगवेगळ्या देशांचे खेळाडू जोडी करून खेळले आहेत. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान आणि मलेशियाचा टान बून हेओंग काही काळ एकत्र खेळले. आकाश कोसळलं नाही. ऑलिंपिकच्या झेंड्याखालीसुद्धा हे झालेलं आहे. १८९६ ला, अगदी पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये, टेनिसची दुहेरी जिंकली ती आयर्लंडच्या जॉन बोलंडने आणि जर्मनीच्या फ्रिडरिश ट्राउनने मिळून. ते फार जुनं वाटत असेल तर २०१४ चं नानजिंगचं युवा ऑलिंपिक आठवा. तिथे बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीत वेगवेगळ्या देशांच्या मुलामुलींच्या जोड्या लावल्या होत्या, आणि सुवर्णपदक मलेशियाचा चीम जून वेई आणि हाँगकाँगची त्स याउ यांना मिळालं. चार वर्षांनी ब्युनॉस आयर्सला तर अख्खे सांघिक सामने सरमिसळ संघांचे झाले. आपला लक्ष्य सेन ज्या अल्फा संघात होता तो जिंकला. हे सगळं तुमच्या देखरेखीखाली, तुमच्या पंचांच्या साक्षीने. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना जे चालतं ते पंचविशीतल्या निर्वासिताला का चालू नये, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

मागणं फार नाही. देश बदललेल्या दुहेरीच्या खेळाडूची मुदत कमी करायचा अर्ज तुमच्याकडे आला, तर त्याच्या नव्या जोडीदाराचं म्हणणंही लेखी घ्या आणि निर्णयात त्याचा उल्लेख करा. नव्या देशात आधीपासून खेळणाऱ्या जोडीवर काय परिणाम होईल तेही त्याच कागदावर लिहा. मलायथाँगसारख्या माणसाची बाजू कुणीतरी मांडलेली असू द्या. होकार असो वा नकार, तो ठरावीक दिवसांत द्या आणि कारणासह जाहीर करा. नकार पचवता येतो, पण ताटकळत ठेवलेली जोडी सरावाला तरी कशाच्या जोरावर उठणार? मुदत संपेपर्यंत त्या दोघांनी दौऱ्यावर कुणाच्या नावाने, कोणत्या अटींवर एकत्र खेळायचं, ते एका जागी, साध्या भाषेत, सगळ्यांना सारखं लागू होईल असं लिहून ठेवा. आणि निर्वासित खेळाडूला आश्रय देणाऱ्या देशातला जोडीदार घेऊन ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरता यावं, असा प्रस्ताव तुम्ही स्वतः ऑलिंपिक समितीपुढे न्या. आम्ही प्रेक्षकांनी नेला तर तो टपालातच राहील. तुम्ही नेलात तर निदान टेबलावर येईल.

पासपोर्टची अट काढा असं मी म्हणत नाही, हे पुन्हा सांगते. देशाकडून खेळणं याला अर्थ असावा असं मलाही वाटतं. अनाहाइमला अमेरिकेचा झेंडा वर जाताना गुनावान आणि विजयाच्या मनात काय चाललं असेल याची मी कल्पनाच करू शकते, आणि ती कल्पना झेंड्याशिवाय करताच येत नाही.

गुनावान पुढे कॅलिफोर्नियातच मुलांना घडवत राहिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून पुरुष दुहेरी खेळलेले फिलिप आणि रायन च्यू हे भाऊ ऑरेंज काउंटीतल्या क्लबचे. सख्खे भाऊ, एकच घर, एकच कोर्ट, एकच पासपोर्ट. त्यांना कुणाच्या सहीसाठी थांबावं लागलं नाही. सगळ्यांचंच नशीब तसं नसतं.

२०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. अनाहाइम तिथून जवळच. पात्रतेच्या स्पर्धा सुरू झाल्या की मधेच नियम बदलता येणार नाहीत हे मलाही कळतं, म्हणून आत्ता लिहिते आहे. तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘दुहेरीतील देशबदल’ एवढे दोन शब्द आले तरी मी त्याला उत्तर समजेन.

कळावे,
दुहेरी खेळणारी एक

ता.क. माझी परदेशी गेलेली जोडीदारीण मधे सुट्टीला आली होती. आम्ही दोघी कोर्टवर उतरलो. पहिल्याच रॅलीत फूल मधोमध आलं, आणि दोघींनीही सोडलं.